पाव मिलिमीटरचा हिशेब

25 मीटरवर उभ्या केलेल्या लक्ष्यात दहा गुणांचं वर्तुळ 50 मिलिमीटर व्यासाचं असतं. त्याच्या पोटात 25 मिलिमीटरचं आणखी एक वर्तुळ असतं. रेंजवर त्याला इनर टेन म्हणतात. दोन नेमबाजांचे गुण सारखे झाले की या आतल्या वर्तुळातल्या गोळ्या मोजून क्रम लागतो. नेमबाज एका हाताने पिस्तूल धरतो, दुसरा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवलेला. मनगटाला कसलाही आधार चालत नाही. पिस्तूल .22 बोअरचं, सेमी-ऑटोमॅटिक. ट्रिगर ओढला की गोळी सुटते, रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि पुढचं काडतूस मॅगझिनमधून आपोआप वर येतं. मात्र दुसरी गोळी सोडायची तर बोट ढिलं करून पुन्हा ओढावं लागतं.

नियम सगळ्यांना सारखे. वजन 1400 ग्रॅमपेक्षा जास्त नको, नळी 153 मिलिमीटरपेक्षा लांब नको, पुढच्या आणि मागच्या साईटमधलं अंतर 220 मिलिमीटरच्या आत हवं, आणि ट्रिगर किमान 1000 ग्रॅमचा भार पेलणारा हवा. स्पर्धेआधी पंच खरंच एक किलोचं वजन ट्रिगरला लटकवून पिस्तूल उचलतात. ट्रिगर सुटला तर पिस्तूल बाद. अख्खं हत्यार 300 × 150 × 50 मिलिमीटरच्या पेटीत मावावं लागतं.

इतकी घट्ट चौकट असूनही किमतींत मोठा फरक आहे. अमेरिकेतल्या दुकानात रूगर मार्क फोर किंवा ब्राउनिंग बक मार्क साधारण पाचशे-सहाशे डॉलरला मिळतं. स्मिथ अँड वेसनचं मॉडेल 41 दीड हजाराच्या वर जातं. इटलीचं पार्दिनी, जर्मनीचं वॉल्थर किंवा फाइनवेर्कबाउ, स्वित्झर्लंडचं मोरिनी यांपैकी काही घ्यायचं तर दोन-अडीच हजार डॉलर मोजावे लागतात. चौपट-पाचपट किंमत देऊन गोळी किती जवळ पडते? याचं उत्तर आकड्यांत देता येतं. दुकानदार देतो त्यापेक्षा ते वेगळं आहे.

आधी भूमिती. दोन साईटमधलं अंतर 220 मिलिमीटर, लक्ष्य 25,000 मिलिमीटरवर. म्हणजे पुढची साईट मागच्या साईटच्या खाचेत 1 मिलिमीटर सरकली तर गोळी लक्ष्यावर सुमारे 114 मिलिमीटर सरकते. .22 ची गोळी 5.6 मिलिमीटर जाड असते आणि रेषेला नुसती शिवली तरी वरचा गुण मिळतो. तेव्हा दहा गुणांसाठी गोळीचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून जवळपास 28 मिलिमीटरच्या आत हवा. उलटा भागाकार केला की साईटच्या चुकीला मुभा उरते ती पाव मिलिमीटरची. याउलट अख्खा हात साईट न बिघडवता 5 मिलिमीटर बाजूला गेला तर गोळीही फक्त 5 मिलिमीटरच बाजूला जाते. म्हणून अनुभवी प्रशिक्षक नवोदिताला हात डोलतोय म्हणून घाबरू नको असं सांगतात. लक्ष्य धूसर दिसू दे, पुढच्या साईटची कड मात्र लख्ख दिसली पाहिजे. ट्रिगर ओढताना बोटाने केलेली पाव मिलिमीटरची ढवळाढवळ हाताच्या सगळ्या डोलण्यापेक्षा महाग पडते. पिस्तुलाच्या किमतीचा विचार मी याच पाव मिलिमीटरपासून सुरू करते, नळीपासून नाही.

पिस्तुलाची स्वतःची अचूकता वेगळी मोजता येते. ते शिकंज्यात घट्ट बसवायचं, माणसाचा हात बाजूला ठेवायचा, आणि एकाच सेटिंगवर गोळ्या मारायच्या. अमेरिकेत यासाठी रॅन्सम रेस्ट नावाचं उपकरण पिढ्यान् पिढ्या वापरात आहे. युरोपातले बडे कारखाने असंच तपासलेलं लक्ष्य खोक्यात घालून देतात. कागदावर पडलेल्या गोळ्यांतल्या सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधलं अंतर म्हणजे ग्रुप.

आणि इथेच सर्वाधिक फसगत होते. तीन गोळ्यांचा ग्रुप काढून ‘हे पिस्तूल इंचात मारतं’ असं म्हणणं अतिशय सोपं. पण गोळ्या वाढल्या की ग्रुप वाढतोच. पिस्तूल बिघडतं म्हणून नव्हे, तर दूरची एखादी गोळी पडण्याची संधी वाढते म्हणून. संख्याशास्त्राच्या नेहमीच्या गृहीतकांवर हिशेब केला तर तीन गोळ्यांचा सरासरी ग्रुप जर 25 मिलिमीटर असेल, तर त्याच पिस्तुलाचा पाच गोळ्यांचा ग्रुप 32 च्या आसपास आणि दहा गोळ्यांचा 40 च्या आसपास येतो. एकाने तीन गोळ्या मारल्या, दुसऱ्याने दहा, आणि दोन पिस्तुलांची तुलना झाली, तर त्या तुलनेला काहीच अर्थ नाही. चार ग्रुप मारून त्यांतला सर्वांत छोटा सांगणं तर याहून वाईट. दहा गोळ्यांचे किमान चार ग्रुप, सगळ्यांची सरासरी, आणि तेच काडतूस दोन्ही पिस्तुलांत. यापेक्षा कमी काही मी पुरावा म्हणून मानत नाही.

आता माणूस आणि यंत्र एकत्र आणू. दोघांच्या चुका सरळ बेरजेने वाढत नाहीत. त्या शाळेत शिकलेल्या पायथागोरसच्या प्रमेयाने वाढतात: एक बाजू नेमबाजाची चूक, दुसरी पिस्तुलाची, आणि लक्ष्यावर दिसतो तो कर्ण. क्लबात नियमित येणारा एक बरा नेमबाज घेऊ, ज्याचा स्वतःचा दहा गोळ्यांचा पसारा 120 मिलिमीटर आहे. त्याच्या हातात 35 मिलिमीटरचा ग्रुप देणारं मध्यम किमतीचं पिस्तूल दिलं तर एकूण पसारा 125 येतो. तेच काढून घेऊन 15 मिलिमीटरचा ग्रुप देणारं महागडं पिस्तूल दिलं तर 121. दोन हजार डॉलर जास्त मोजून चार मिलिमीटर मिळाले. 50 मिलिमीटरच्या वर्तुळापुढे चार मिलिमीटर म्हणजे जवळजवळ काहीच नाही.

पण नेमबाज बदला. आंतरराष्ट्रीय दर्जाच्या खेळाडूचा पसारा 45 मिलिमीटर धरू. मध्यम पिस्तुलाने त्याचा एकूण पसारा 57 होतो, महागड्याने 47. दहा मिलिमीटरचा फरक, आणि तोही नेमका दहाच्या वर्तुळाच्या काठावर. तिथे पैसा बोलतो. म्हणून ‘कुठलं पिस्तूल अचूक?’ हा प्रश्न कुणाच्या हातात ते सांगितल्याशिवाय अपुरा आहे.

मध्यम किमतीत 35 मिलिमीटरचा ग्रुप मिळणं हीच मुळात मोठी गोष्ट आहे, आणि तिचा इतिहास कनेक्टिकट राज्यातल्या साउथपोर्ट गावातून जातो. बिल रूगर आणि अलेक्झांडर स्टर्म या दोघांनी 1949 मध्ये स्टर्मने घातलेल्या 50,000 डॉलर भांडवलावर एकच उत्पादन बाजारात आणलं: .22 चं पिस्तूल, किंमत साडेसदतीस डॉलर. तेव्हाचं लोकप्रिय कोल्ट वुड्समन याहून बरंच महाग होतं. रूगरच्या पिस्तुलाची बाह्यरेषा जर्मन लुगरची आठवण करून देणारी, आतल्या बोल्टची कल्पना मात्र जपानी नाम्बू पिस्तुलावरून घेतलेली. स्टर्म 1951 मध्ये तरुणपणीच वारला. त्यानंतर कंपनीच्या गरुडचिन्हाचा लाल रंग काळा झाला.

रूगरची हुशारी कशात, ते मला फार मोलाचं वाटतं. नेहमीच्या पिस्तुलात वरचा जड स्लाइड अख्खा मागे-पुढे होतो, आणि पुष्कळदा मागची साईट त्याच्यावरच बसवलेली असते. रूगरने नळी एका नळकांड्यासारख्या रिसीव्हरमध्ये कायमची घट्ट बसवली. त्याच रिसीव्हरवर मागची साईट, पुढची साईट नळीवर. हलतो तो फक्त आतला दंडगोल बोल्ट. म्हणजे नळी आणि दोन्ही साईट यांचं परस्परांशी असलेलं नातं पहिल्या गोळीपासून दहा हजाराव्या गोळीपर्यंत बदलतच नाही. खालची मूठ मात्र पत्र्याचे दोन अर्धे भाग दाबून, जोडून केलेली. तिथे अचूकतेची गरजच नव्हती. जिथे घट्टपणा लागतो तिथे खर्च, जिथे लागत नाही तिथे बचत. .22 चं काडतूस दुबळं असल्यामुळे हे शक्य होतं. बोल्टचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यानेच तो गोळी नळीबाहेर पडेपर्यंत पुरेसा बंद राहतो, कुलूप लावण्याची यंत्रणा लागत नाही, त्यामुळे नळी हलवण्याचंही कारण उरत नाही.

1951 मध्ये त्याची टार्गेट आवृत्ती आली, 1982 मध्ये मार्क टू, आणि 2016 मध्ये मार्क फोर. जुन्या मॉडेलांची एक खोड प्रसिद्ध होती: साफ करायला उघडलेलं पिस्तूल पुन्हा जोडताना भल्याभल्यांचा घाम निघे, आणि म्हणून पुष्कळ लोक ते उघडतच नसत. मार्क फोरमध्ये मागचं एक बटण दाबलं की वरचा भाग उचकटून वेगळा होतो. मूल्य मोजताना मी या बटणाला नळीइतकंच महत्त्व देते. साफ न होणारं पिस्तूल कधीतरी अडकतं, आणि अडकलेल्या पिस्तुलाचा ग्रुप कुणी विचारत नाही. याच मार्क फोरची 1 जून 2017 पूर्वी बनलेली पिस्तुलं कंपनीने परत बोलावली होती. सेफ्टीचा खटका मधल्या स्थितीत असताना ट्रिगर ओढला गेला, तर नंतर खटका पुढे सरकवताना गोळी सुटण्याचा धोका होता. जुनं पिस्तूल विकत घेणाऱ्याने आजही ही दुरुस्ती झालेली आहे का, ते पाहायलाच हवं.

मग अडीच हजार डॉलर कशाचे? बहुतांश ट्रिगरचे आणि मुठीचे.

कारखान्यातून येणाऱ्या मध्यम किमतीच्या पिस्तुलाचा ट्रिगर बहुधा दोन किलोच्या आसपास ओढावा लागतो. पिस्तूल स्वतः किलो-सव्वाकिलोचं. म्हणजे हातात तोलून धरलेल्या वस्तूच्या जवळपास दुप्पट जोर एका बोटाने लावायचा, आणि तो लावताना साईट पाव मिलिमीटरही हलू द्यायची नाही. त्यात ट्रिगर सुटण्याआधी खरखरत सरकत असेल तर बोटाला सुटण्याचा क्षण कळत नाही, आणि माणूस नकळत हिसका मारतो. पार्दिनी किंवा वॉल्थरचा ट्रिगर बरोबर एक किलोवर लावता येतो. त्याचा पहिला टप्पा हलका असतो, मग एक स्पष्ट भिंत लागते, आणि तिथून तो काच तडकल्यासारखा सुटतो. रूगरसाठी अमेरिकेतली व्होल्कार्टसनसारखी कंपनी ट्रिगरचे सुटे भाग विकते. ते बसवले की मध्यम पिस्तुलातला सर्वांत मोठा दोष थोडक्या पैशांत बराच कमी होतो. माझ्या मते .22 मध्ये पैशाचा यापेक्षा चांगला उपयोग दुसरा नाही. मात्र स्पर्धेत उतरायचं तर एक किलोची अट पाळलीच पाहिजे. हौसेने हलका करून घेतलेला ट्रिगर पंचांच्या वजनाखाली सुटतो.

मुठीची गोष्ट यंत्राच्या रचनेशी जोडलेली आहे. रूगर आणि बक मार्कमध्ये मॅगझिन मुठीतून वर जातं, त्यामुळे मुठीचा आकार मॅगझिनच्या मापाने ठरतो. वॉल्थर जीएसपी आणि पार्दिनीमध्ये मॅगझिन ट्रिगरच्या पुढे असतं. मूठ रिकामी झाली की ती लाकडात हवी तशी कोरता येते, तळहाताला खालून आधार देणारी फळी लावता येते, आणि नळी हाताच्या अगदी जवळ, खाली आणता येते. नळी खाली असली की गोळी सुटल्यावर पिस्तुलाचं तोंड कमी उसळतं. 25 मीटरच्या जलद फेरीत लक्ष्य तीन सेकंदच दिसतं आणि तेवढ्यात पिस्तूल खालून वर आणून एक गोळी मारायची असते. मूठ हातात रोज त्याच जागी बसली तर साईट आपोआप डोळ्यासमोर रांगेत येतात. ही सवय पैशाने येत नाही, पण पैशाने घेतलेली मूठ तिला मदत करते, हे मान्य करायला हवं.

.22 सोडून 9 मिलिमीटरकडे गेलं की चित्र पालटतं, आणि तिथलं मध्यम किमतीचं सर्वांत रंजक उदाहरण चेक आहे. 9 मिलिमीटरच्या काडतुसाचा दाब इतका असतो की नळी आणि स्लाइड क्षणभर एकमेकांत अडकलेले राहावे लागतात. जॉन ब्राउनिंगच्या रचनेत नळीचं मागचं टोक खाली झुकून ही अडक सुटते. म्हणजे प्रत्येक गोळीगणिक नळी जागेवरून हलते आणि परत येते. ती दर वेळी नेमकी तिथेच परत आली पाहिजे. 9 मिलिमीटरमधली यांत्रिक अचूकता मुख्यतः या परतण्यावर उभी आहे. स्विस सैन्याने 1949 मध्ये स्वीकारलेल्या पिस्तुलाने, ज्याला पुढे सिग पी210 हे नाव पडलं, हा प्रश्न फार सुंदर सोडवला. स्लाइडच्या रुळांना त्यांनी फ्रेमच्या आत घेतलं आणि ते लांब ठेवले, त्यामुळे स्लाइड डुगडुगत नाही. अचूकतेसाठी हे पिस्तूल नावाजलं गेलं, आणि किमतीसाठीही. चेकोस्लोव्हाकियातल्या उहेर्स्की ब्रोद इथल्या कारखान्यासाठी योसेफ आणि फ्रांतिशेक कौत्स्की या भावांनी सीझेड 75 आखलं, तेव्हा आतल्या रुळांची हीच पद्धत त्यांनी मध्यम किमतीत आणली. गंमत अशी की 9 मिलिमीटरचं काडतूस वॉर्सा कराराच्या देशांचं नव्हतंच. पिस्तूल निर्यातीसाठी होतं. इटलीतल्या तान्फोलियोसह अनेकांनी त्याची रचना उचलली. आज आयपीएससी या प्रात्यक्षिक नेमबाजीच्या संघटनेच्या सामन्यांत दिसणारं सीझेड शॅडो 2 याच घराण्यातलं. भारतात 9 मिलिमीटर हा प्रतिबंधित बोअर असल्याने सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला हे येत नाही.

काडतुसाचा हिशेब बहुतेक जण पिस्तूल घेतल्यावर करतात. तो आधी करावा. .22 ची पुंगळी पुन्हा भरता येत नाही, कारण स्फोटक तिच्या काठात असतं. गोळीचा भाव दहा सेंट धरला तरी दहा हजार गोळ्यांत हजार डॉलर जातात, म्हणजे दोन मध्यम पिस्तुलांची किंमत. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या काडतुसाचे वेगवेगळे लॉट एकाच नळीत वेगवेगळे ग्रुप देतात. एली, लापुआ आणि आरडब्ल्यूएस यांचं सामन्याचं काडतूस महाग असतं ते लॉटमधल्या या सारखेपणासाठी. एखाद्या मध्यम पिस्तुलाला चार प्रकारची काडतुसं खाऊ घालून त्यांतलं त्याला मानवणारं शोधलं, तर ग्रुप जितका आवळतो तितका पिस्तूल बदलूनही पुष्कळदा आवळत नाही.

आणि भरवसा. टोकियो ऑलिंपिकमध्ये 2021 साली भारताची नेमबाज मनू भाकर हिचं 10 मीटर एअर पिस्तूल पात्रता फेरीच्या मध्येच बिघडलं, तिचा वेळ गेला, आणि 575 गुणांवर ती अंतिम फेरीबाहेर राहिली. ते स्वस्त पिस्तूल नव्हतं. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर आणि बारीक यंत्रणा घेतली की तिच्यासोबत सुटे भाग, दुसरं पिस्तूल आणि ते दुरुस्त करणारा माणूस हेही घ्यावं लागतं. पॅरिसमध्ये 2024 साली तीच मुलगी दोन कांस्यपदकं घेऊन आली आणि 25 मीटरमध्ये चौथी आली.

आपल्याकडे या सगळ्याचा अर्थ काय? महाराष्ट्रात पिस्तूल नेमबाजी म्हटलं की कोल्हापूरची राही सरनोबत डोळ्यांसमोर येते. पालेम्बांगला 22 ऑगस्ट 2018 रोजी एशियाडच्या 25 मीटर पिस्तूलच्या अंतिम फेरीत ती आणि थायलंडची नफासवान यांगपाईबून 34-34 वर आल्या. पहिल्या शूट-ऑफमध्ये पुन्हा बरोबरी, 4-4. दुसऱ्यात 3-2. एका गोळीने सुवर्ण, आणि एशियाडमध्ये नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. या अंतिम फेरीत 10.2 किंवा त्याहून चांगली गोळीच मोजली जाते. वर सांगितलेले ते दहा मिलिमीटर या पातळीवर खरोखर लागतात. इथे अडीच हजार डॉलरचं पिस्तूल चैन नाही.

पण त्या पातळीच्या खाली जी हजारो मुलं-मुली आहेत, त्यांच्यासाठी आपल्याकडे मधली पायरीच नाही. 20 ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, म्हणून सुरुवात तिथून होते, आणि ते योग्यच आहे. त्यानंतर .22 कडे जायचं तर परवाना हवा. सामान्य परवानाधारकाला परदेशी शस्त्र आयात करण्याची वाट 1980 च्या दशकापासून बंद आहे. म्हणून देशात आधीच असलेली जुनी परदेशी पिस्तुलं आपल्याकडे कसल्याही गुणवत्तेशी नातं नसलेल्या भावाने विकली जातात. राष्ट्रीय स्पर्धेत ठरावीक गुण मिळवून ‘रिनाउन्ड शॉट’ झालेल्या नेमबाजालाच आयातीची सवलत मिळते. तोवर क्लबाचं पिस्तूल, आणि त्यासाठी रांग. आणि सवलत मिळाली की मग मुलाचे आई-वडील कर्ज काढून थेट सर्वांत महागडं पिस्तूल मागवतात, कारण संधी वारंवार येत नाही. अमेरिकेतला मुलगा पाचशे डॉलरच्या रूगरवर दहा हजार गोळ्या मारून मग ठरवतो. आपली मुलगी तेवढ्या गोळ्या मारायच्या आधीच लाखोंचा निर्णय घेते. मला हे चुकीचं वाटतं, आणि ते बदलायची जबाबदारी घरच्यांवर टाकता येणार नाही.

जिल्हा संघटनांनी आणि क्लबांनी एका उंची पिस्तुलाच्या किमतीत मध्यम किमतीची तीन पिस्तुलं घ्यावीत, प्रत्येकाचा ट्रिगर जाणकाराकडून एक किलोवर स्वच्छ करून घ्यावा, आणि प्रत्येकासोबत कुठलं काडतूस मानवतं त्याची लेखी नोंद ठेवावी. तीन मुली एकाच वेळी सराव करतील. उरलेल्या पैशांतून लहान मापाच्या मुठी आणाव्यात. अमेरिकी पिस्तुलांच्या तयार मुठी मोठ्या पंजासाठी बनतात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीचं बोट ट्रिगरपर्यंत जेमतेम टोकाने पोहोचतं, आणि ती मनगट वळवून ते जमवून घेते. मनगट वळलं की साईट वळतात. लाकूड कानशीने घासून, त्यावर लांबी भरून, तिच्या तळव्याचा ठसा उमटेपर्यंत ती मूठ बसवून देणारा एक कसबी सुतार रेंजवर आठवड्यातून एकदा बसवावा, आणि दुसरं पिस्तूल घेण्याआधी तो खर्च करावा.